काजवा नवा की जुना?

प्रश्न : काका, आमच्या घरामागच्या ऐनावर दर मे अखेरीस काजवे लागतात. यंदा खाडीतल्या कांदळवनातही दिसले. फोटो पाठवलाय. नवी जात असेल का?
(बारावीतली वाचक, गुहागर)

उत्तर : पोरी, नुसत्या फोटोवरून काजव्याची जात सांगणारा एकतर फार हुशार, नाहीतर थापाड्या. काजवा म्हणजे भुंगेराच. जगात २००० हून जास्त जाती, आणि पाठीकडून कित्येक सारखेच. तेव्हा उलटा करून पोट बघ. काजव्यांच्या लुसिओलिनी उपकुळात नराला दिव्याचे दोन पट्टे, मादीला एकच. मलेशियाच्या कांदळवनात तालात लुकलुकणाऱ्या टेरॉप्टिक्स या काजव्यांच्या बऱ्याच जातींत नराच्या पंखकवचांची टोकं खाली वळलेली असतात, विजार दुमडावी तशी. खरा निकाल मात्र नराच्या जननेंद्रियावर लागतो, तोही सूक्ष्मदर्शकाखाली.

ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली बॅलन्टाइन बाईंनी हेच काम कित्येक दशकं केलं. 'लुसिओला' नावाच्या एकाच पोत्यात कोंबलेल्या आशिया-पॅसिफिकच्या जाती त्यांनी निवडून वेगळ्या केल्या. ज्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात अशा काहींसाठी २०१० साली सहकाऱ्यांसोबत 'अ‍ॅक्वाटिका' ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली.

तू वनखात्याला विचारून दोन-तीन नर अल्कोहोलच्या बाटलीत ठेव. आत चिठ्ठी टाक : जागा, तारीख, झाड, वेळ. शिसपेन्सिलीनेच लिही हं! माझ्या एका अख्ख्या पावसाळ्याच्या चिठ्ठ्या शाईच्या होत्या. बाटल्यांत निळं पाणी आणि बेवारस काजवे तेवढे उरले.