तुमचे प्रश्न: घरून काम करणाऱ्यांवर किती नजर ठेवायची?

प्रश्न: ताई, म्हापशात माझं अकाउंट्स आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. कोविडपासून चौघंजण घरूनच काम करतात, एक वाळपईला, एक सावंतवाडीला, दोघी डिचोलीच्या. काम तसं होतंय, रिटर्न वेळेवर जातात, पण मला सारखं वाटत राहतं की ही मंडळी दुपारी झोपा काढतात. वाळपईचा मुलगा तर दीड ते चार व्हॉट्सॅपवर दिसतच नाही. एका मित्राने सॉफ्टवेअर सुचवलंय, ते दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढतं आणि माउस किती हलला तेही सांगतं. घेऊ का? आणि नाही घेतलं तर कंट्रोल कसा ठेवायचा?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: नका घेऊ. का ते सांगते, आणि कंट्रोलचंही सांगते.

तुम्हीच लिहिलंय की काम होतंय आणि रिटर्न वेळेवर जातात. मग तुम्हाला त्रास कशाचा होतोय तर माणसं डोळ्यांसमोर दिसत नाहीत याचा. हे फक्त तुमचं नाही हं, मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये 11 देशांतल्या 20 हजार लोकांना विचारलं तेव्हा 87 टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतोय, आणि आपली टीम नीट काम करतेय असा पूर्ण भरवसा असलेले साहेब निघाले फक्त 12 टक्के. एवढी मोठी दरी आहे मधे, आणि ती स्क्रीनचे फोटो काढून भरत नाही.

तुमच्याच कामाचं बघा ना. 14 तारखेला टू-बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरची खरेदीच्या बिलांची यादी, आली की खरेदीची बिलं जुळवायला बसायचं, एखाद्या पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, बिल सापडत नाही म्हणून त्यांना फोन लावायचा, ते म्हणणार मुलगा बाहेर गेलाय संध्याकाळी देतो, मग कागदावर आकडे मांडत बसायचं. या सगळ्यात माउस हलतच नाही! सॉफ्टवेअरच्या हिशोबाने तो माणूस रिकामा बसलाय. आणि जो नुसता एक्सेल वरखाली करत बसलाय तो मात्र मेहनती. जिथे माउस मोजतात तिथे लोक माउस हलवायची सोय करतात. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण काय तर कीबोर्ड चालू असल्याचं खोटंच दाखवत होते. लंडनच्या बार्कलेज बँकेनेही 2020 मध्ये असलं नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं होतं, लोक इतके भडकले की मागे घ्यावं लागलं.

अजून एक, याचा तुम्ही कदाचित विचारच केला नसेल. त्या स्क्रीनच्या फोटोत तुमच्या पार्ट्यांची बँक स्टेटमेंट असणार, पॅन नंबर असणार, पोर्टलचं लॉगिन असणार. ते सगळं कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसणार. पार्टीने उद्या विचारलं तर काय उत्तर देणार?

आता कंट्रोल. तुम्ही नशीबवान आहात कारण तुमच्या धंद्याला सरकारनेच कॅलेंडर बांधून दिलंय. 7 ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, 11 ला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-वन, 14 ला टू-बी, 20 ला कर भरायचं रिटर्न थ्री-बी. प्रत्येक पार्टी कोणाची ते ठरवा, म्हणजे खरंच त्याची, त्या पार्टीचा फोनही त्यालाच जाऊ दे, तुम्हाला नको. मग चौघांबरोबर बसून शेवटच्या तारखेपासून मागे मागे येत तारखा ठरवा: विक्रीची बिलं 5 पर्यंत हातात, 8 पर्यंत टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये), 9 ला तुम्ही बघणार, 10 ला फाईल, कारण 11 ला पोर्टल किती रखडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एक शीट करा, सगळ्यांना दिसेल अशी, पार्टीचं नाव, कोणाकडे, कुठपर्यंत आलं, कशावर अडलं. सकाळी एकदा बघायची आणि बंद करायची. महिन्याच्या शेवटी तीनच गोष्टी मोजा, किती रिटर्न उशिरा गेले, किती चुका परत आल्या, आणि किती पार्ट्यांनी वैतागून थेट तुम्हाला फोन केला. यात माणूस काम करतो की नाही ते आरशासारखं दिसतं. तारखा त्यांच्याबरोबर बसून ठरवा हे मी मुद्दाम सांगते, वरून लादलेल्या तारखा माणूस कशाबशा पाळतो, स्वतः कबूल केलेली तारीख चुकली तर त्याला स्वतःलाच लागतं.

आणि ती दुपार. अहो आपण गोव्यात राहतो! दीड ते चार अर्ध्या म्हापशाची शटरं खाली असतात, तुमच्या पार्ट्यासुद्धा फोन उचलत नाहीत, मग त्या मुलाने त्या वेळात व्हॉट्सॅपवर ऑनलाइन दिसून काय होणार? त्याला विचारलंत का कधी? त्याच्या सत्तरी तालुक्यात पावसात झाड पडून लाईट गेली की किती वेळ जाते ते तिथल्या माणसाला विचारा, कदाचित तो लाईट असते तेव्हा काम उरकत असेल, रात्री आठ ते अकरा बसत असेल. इन्व्हर्टरला थोडे पैसे द्या, दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन द्या, त्या सॉफ्टवेअरच्या पैशांचा याहून चांगला उपयोग नाही. वेळेचं एवढंच ठरवा की दहा ते एक आणि चार ते सहा सगळे फोनवर सापडले पाहिजेत, 18 ते 20 तारखेला दिवसभर, बाकी वेळ त्यांची. चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, आधीपासून बघून ठेवा, 2024 ला चवथ 7 सप्टेंबरला आली होती, म्हणजे नेमकी टीडीएस भरायच्या दिवशी, आणि चवथीला माणूस मूळ घरी जाणारच, तिथे कोणी लॅपटॉप उघडत नाही आणि उघडूही नये.

मोकळीक द्या म्हणजे सोडून द्या असं मात्र नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी वेगळं बोला, पंधरा-वीस मिनिटं, काय झालं हे विचारायला नको, ते शीटवर आहेच, काय अडलंय ते विचारा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी शांघायच्या सीट्रिप या प्रवासाची बुकिंगं करणाऱ्या कंपनीत 9 महिने प्रयोग केला होता, कॉल सेंटरच्या लोकांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, काम 13 टक्के वाढलं, आणि त्यातले 9 टक्के तर मधले ब्रेक आणि आजारपणाच्या सुट्ट्या कमी झाल्या म्हणून! तुमच्या भीतीच्या अगदी उलट. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू लोक सांगत नाहीत. नंतर निवड दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे ऑफिसात परत आले, एकटं वाटतं म्हणून. आणि तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली, साहेबाच्या नजरेआड होते ना. म्हणून महिन्यातून एकदा, 20 तारीख उलटली की, चौघांना म्हापशात बोलवा, बसचे पैसे द्या, एकत्र जेवा, आणि पगारवाढीच्या वेळी त्या शीटकडे बघून ठरवा, कोण रोज समोर दिसतो यावरून नको.

आणि कोणी खरंच टाळाटाळ करत असेल तर? तारीख दोनदा चुकली की त्याच्याशी बोला, स्पष्ट, एकट्याशी. तरी नाही जमलं तर महिनाभर ऑफिसात येऊन काम कर म्हणा. पण एकासाठी बाकी तिघांच्या घरात कॅमेरा लावू नका, चांगली माणसं सर्वात आधी निघून जातात, आणि टू-बी जुळवता येणारा माणूस आज सहज मिळत नाही.

प्रश्न: मी फोंड्याजवळ राहते, पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून हॉटेल बुकिंगचं काम करते. सर दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगतात आणि रात्री दहालाही फोन करतात. आमच्या देवळाच्या जत्रेत नाटक असतं, मी त्यात काम करते, संध्याकाळी तालमीला बसले की फोन सुरू. नोकरी चांगली आहे, सोडायची नाही. काय करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: तुझं पत्र वाचून राग आला, खरंच. घर हे घर आहे, तिथे आई आहे, कपडे वाळत आहेत, दिवसभर कॅमेरा कसला!

कायद्याचं आधी सांगते म्हणजे खोटी आशा नको. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे झालेला नाही, सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत त्याचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. पोर्तुगालने मात्र 2021 च्या शेवटी कायदा केला की अगदीच आणीबाणी सोडली तर मालकाने विश्रांतीच्या वेळेत संपर्क करायचा नाही, आणि घरून काम करणाऱ्याचं चित्र, आवाज वगैरे टिपून नजर ठेवायचीही नाही. म्हणजे तू मागतेयस ते काही जगावेगळं नाही.

तू सरांना लिहून पाठव, फोनवर बोलू नकोस, फोनवर तू गप्प बसशील. साधारण असं: "सर, माझी शिफ्ट नऊ ते सहा. या वेळात फोन, मेसेज लगेच घेईन. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवेन, एरवी बंद ठेवू दे. रोज सहाला दिवसभराची बुकिंगं, रद्द झालेली आणि राहिलेली यांची यादी पाठवेन. सहानंतर पाहुणा रिसेप्शनवर अडकलाय असं काही असेल तर फोन करा, मी घेईन. बाकी सकाळी नऊला बघेन." यात 'नाही' असं कुठेच म्हटलेलं नाहीये, सरांना जे हवंय, म्हणजे काम झाल्याची खात्री, ती तू न मागता देतेयस. यादी पंधरा दिवस न चुकता पाठव. रात्रीचे बरेचसे फोन काय झालं ते माहीत नसतं म्हणून येतात, ते आपोआप कमी होतील. तरीही आले तर तालमीत फोन सायलेंटवर, आणि सकाळी नऊला पहिला फोन तू कर. त्यांना राग आला तर येऊ दे, काम चोख आहे ना तुझं.

प्रश्न: नवीन मुलीला पहिल्या दिवसापासून घरून काम दिलं तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: मी देणार नाही. वर सांगितलेल्या सीट्रिपच्या प्रयोगातसुद्धा निदान 6 महिने कंपनीत झालेल्यांनाच घेतलं होतं, शिवाय घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड हवं अशी अट होती. नवीन माणसाला शेजारी कोणीतरी लागतं, पार्टी फोनवर ओरडली की काय बोलायचं ते ऐकूनच शिकता येतं. तिला एक जुनी सहकारी नेमून द्या, पहिले दोन-तीन महिने ऑफिसात त्या दोघी एकत्र बसू देत, मग आठवड्यातले दोन दिवस घरून, आणि ती कोणाला न विचारता कामं उरकायला लागली की पुढचं तिच्याशी बोलून ठरवा. ती काणकोणहून वगैरे येत असेल तर जायची-यायची वेळही धरा, सकाळी दहाच्या ठोक्याला हजेरीचा हट्ट नको.