डीएड, बीएड की चार वर्षांचं आयटेप?

नमस्कार ताई,

लेक बारावी कला शाखेतून पास झालीय, तिला लहान मुलांनाच शिकवायचंय आणि गावात सगळे सांगतात, "बीए करून बीएड कर, ते पहिलीपासून चालतं," असं तुम्ही लिहिलंत. तो सल्ला ऐकू नका. 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बीएड ही पात्रता नाही.

तिच्यापुढे दोन वाटा आहेत. दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे आपलं जुनं डीएड. किंवा बारावीनंतर चार वर्षांचं आयटेप, म्हणजे बीए-बीएड एकत्र. आयटेपसाठी एनसीईटी ही प्रवेश परीक्षा असते. 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता ही चार वर्षांची पदवीच असावी, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय. म्हणून खर्च झेपत असेल तर मी आयटेपच म्हणेन. लवकर कमावायची निकड असेल तर डीएलएड करू द्या, पदवी नंतर मुक्त विद्यापीठातून होईल. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मात्र चुकणार नाही.

पण माझा खरा आग्रह कॉलेज पारखून घेण्याचा आहे. शाळा बदललीय. नव्या रचनेत बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हा एकच, पायाभूत टप्पा झालाय. मूल तिसरीपर्यंत समजून वाचायला आणि साधी गणितं करायला शिकावं, यासाठी 2021 पासून केंद्राची निपुण भारत मोहीम सुरू आहे. अध्यापक महाविद्यालयं मात्र सगळी बदललेली नाहीत. अनेक ठिकाणी अजून सुबक पाठ टाचणं, म्हणजे तासाच्या तयारीची टिपणं, लिहून घेतात, आणि अक्षर न ओळखणाऱ्या मुलाजवळ बसायचं कसं, हे कुणी दाखवत नाही.

तेव्हा प्रवेशाआधी लेकीला घेऊन स्वतः जा. आयटेपची मान्यता पायाभूत किंवा पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी) टप्प्याची आहे ना, ते पाहा. माध्यमिकची असेल तर तिच्या कामाची नाही. इंटर्नशिपचे किती आठवडे जिल्हा परिषद शाळेच्या पहिली-दुसरीत जातात? प्राध्यापक सोबत येतात का? द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळायला शिकवतात का? शेवटच्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन हेच विचारा, त्या खरं सांगतील. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" असं कुणी म्हणालं, तर तिथून परत फिरा. अशा कॉलेजात तिचीच नव्हे, तिच्या पुढच्या वर्गातल्या मुलांचीही वर्षं वाया जातात.

आयटेपसाठी आरक्षणातून अर्ज भरणार असाल तर जातीचा आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलमध्ये गर्दी असते.