पेनसिल्वेनियातलं जुनं बार्न पाडायचं की ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की घराबरोबर टेकाडाला टेकून बांधलेलं दगडी पायाचं बार्न (शेतावरचं गोठा-कोठार) आलंय, मिस्टर म्हणतात पाडून टाकू, आणि एकजण फुकट पाडून द्यायला तयार आहे, फक्त लाकूड त्याचं. पहिलं काम, त्या माणसाला थांबवा. फुकट वगैरे काही नसतं हो, त्याचा डोळा तुळयांवर आहे. त्यात अमेरिकन चेस्टनट ह्या झाडाचं लाकूड निघालं तर विचारूच नका, ह्या झाडाचा रोग 1904 मध्ये न्यूयॉर्कला सापडला आणि पुढच्या चार-पाच दशकांत जंगलंच्या जंगलं संपली, त्यामुळे आता ते लाकूड जुन्या इमारतींतूनच मिळतं. ओळखायचं तर तुळईचं कापलेलं टोक घासून बघा, ओकमध्ये मधून बाहेर जाणाऱ्या ठळक रेषा दिसतात, चेस्टनटमध्ये नाहीत.

तुमच्याकडचं वर्णनावरून बँक बार्न वाटतंय, इथे बँक म्हणजे टेकाडाचा उतार. स्विस आणि जर्मन लोकांनी ही पद्धत इथे आणली. टेकाडाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर न्यायची, तिथे मळणी आणि गवत, खाली गुरं, वरचा मजला पुढे काढलेला आणि ती बाजू बहुतेक दक्षिणेकडे, म्हणजे थंडीत गुरांच्या अंगणात ऊन. डोकं होतं लोकांना! आत गेलात की खांब-तुळयांचे जोड टॉर्च मारून बघा, लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतील आणि शेजारी छिन्नीने कोरलेल्या रोमन आकड्यांसारख्या रेघा सापडतील. सुतार फ्रेम आधी जमिनीवर जुळवायचे, कुठला तुकडा कुठे जातो ते कळावं म्हणून ह्या खुणा. फळ्यांवर करवतीचे अर्धगोल ओरखडे असतील तर त्या गोल करवतीच्या गिरणीतल्या, सरळ उभे असतील तर बहुधा त्याआधीच्या. पण दुरुस्तीत फळ्या बदलतात, एका फळीवरून वय ठरवू नका.

आता पैसे कुठे घालायचे. छपरावर, बस. रंग, दारं, खिडक्या सगळं थांबू शकतं, गळकं छप्पर थांबत नाही, पाणी जोडात मुरलं की खुंटी कुजते आणि मग फ्रेम सरकायला लागते. नवीन पत्र्याला बजेट नसेल तर ताडपत्री घट्ट बांधा पण ह्याच सीझनला. मग दगडी भिंतीवरच्या सगळ्यात खालच्या आडव्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, सहज आत गेला तर तेवढा भाग बदलावा लागेल. तिला टेकलेली माती आणि जुनं शेण बाजूला करा. भिंतीच्या सांध्यांत सिमेंट अजिबात भरू देऊ नका, जुना चुना नरम असतो, ओल बाहेर सोडतो, सिमेंटने ती आत अडकते आणि दगडाचेच पापुद्रे निघतात. आणि ट्रॅक्टर आत जावा म्हणून कोणी दोन बाजूंच्या भिंती जोडणारी आडवी तुळई कापा म्हणालं तर हाकलून द्या, तिनेच भिंती धरून ठेवल्यात.

टॅक्स क्रेडिटचं, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग करातून वजा होण्याचं विचारलंत. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, 20 टक्केवालं उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतींना मिळतं, नुसतं स्वतःचं सामान ठेवायला असेल तर नाही, आणि कागदपत्रं काम सुरू करायच्या आधी करायची. 1936 पूर्वीच्या इमारतींचं 10 टक्केवालं 2017 च्या कायद्याने गेलं, जुने लेख वाचून त्याच्या भरवशावर राहू नका.

खालची तुळई आणि छपराचा आतून फोटो टाका, म्हणजे सुताराला आधी बोलवायचं की इंजिनिअरला ते सांगता येईल.