घराण्याने काढलेली लहान बँक खरंच मोठी होते का? सोलापुरातल्या एका पिग्मी एजंटचं उत्तर

तुम्ही विचारलंय : आम्ही तिघे भाऊ सोलापुरात पतसंस्था काढायचं म्हणतोय, तर एखाद्या घराण्याने सुरू केलेली छोटी बँक पुढे मोठी झाल्याचं खरं उदाहरण आहे का, आणि ती वाढली कशामुळे?

आहे. त्या बँकेची खूण तर रोज संध्याकाळी तुमच्याच गल्लीतून जाते. खांद्याला बॅग, हातात मशीन, रोजची छोटी बचत गोळा करत दुकानोदुकानी थांबणारा पिग्मीवाला. मी एकवीस वर्षं हेच काम केलं, साखर पेठ आणि अशोक चौकाच्या भागात. 'पिग्मी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो आला कर्नाटकातल्या उडुपीहून, पै बंधूंच्या सिंडिकेट बँकेतून.

साल 1925. उडुपीच्या परिसरात हातमागाचा धंदा बसला होता आणि विणकर कर्जाविना अडले होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, आपल्या विणकर वस्तीतल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. उपेंद्र अनंत पै हे व्यापारी, त्यांचे धाकटे भाऊ माधव अनंत पै हे डॉक्टर, आणि वामन कुडवा हे इंजिनिअर. या तिघांनी 8,000 रुपयांच्या भांडवलावर 'कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट' काढली. पैंची बँक म्हणताना लोक कुडवांना विसरतात, तेवढं तुम्ही करू नका. तिघांचे तीन धंदे होते आणि तिघांच्या ओळखी वेगवेगळ्या थरांत होत्या. तुम्ही तिघे भाऊ एकाच दुकानात बसत असाल, तर घराबाहेरचा एक जाणता माणूस सोबत घ्या.

आता मुद्द्याचं. कर्ज द्यायचं तर ठेवी हव्यात, आणि ज्यांच्यासाठी बँक काढली त्यांच्याकडे ठेवायला एकरकमी पैसा नव्हता. बँकेची पायरी चढायची सवयही नव्हती. मग 1928 मध्ये बँकेनेच माणूस घरोघरी पाठवायला सुरुवात केली : रोज दोन आणे दिले तरी चालतील. हीच पिग्मी ठेव.

दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा हिस्सा. हिशेब करून बघा. रोज दोन आणे, 365 दिवस, म्हणजे 730 आणे, म्हणजे 45 रुपये 10 आणे. अशी पावणेदोनशे घरं वर्षभर धरली की जवळपास 8,000 रुपये होतात. ज्या भांडवलावर बँक उभी राहिली तेवढा पैसा फक्त पावणेदोनशे उंबऱ्यांवरून येऊ शकत होता. ही बँक कशामुळे वाढली याचं माझ्या मते खरं उत्तर या हिशेबात आहे.

पैशाबरोबर दुसरीही एक गोष्ट येते, ती कुठल्या खात्यावर लिहिली जात नाही. रोज दारात जाणाऱ्याला घर कळतं. कुणाचा माग बंद आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण वीस रुपये देताना खिसा चाचपतो आणि तरी देतो. कर्जाचा अर्ज आला की आमचे मॅनेजर आधी मला बोलावून विचारायचे, "अण्णा, हा माणूस कसा आहे?" कागदावर काही नसलेल्या कितीतरी जणांना त्या एका प्रश्नामुळे कर्ज मिळालं, आणि त्यांनी ते फेडलं.

हे मला बँकेत शिरायच्या आधीपासून माहीत होतं. आई विड्या वळायची. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पिग्मीवाल्या मामांशी आई मराठी बोलायची. आठवड्याचा पगार आला की ती दोन रुपयांची सहा नाणी वेगळी काढून तंबाखूच्या रिकाम्या डब्यात टाकायची. सहाच, कारण रविवारी मामा यायचे नाहीत. रोज संध्याकाळी एक नाणं निघायचं. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून, बोटं पदराला पुसून, मगच ती कार्ड हातात घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. मामांनी आकडा लिहिला की कार्डावरच्या ओळी बोटाने मोजायची आणि मान हलवायची. एखाद्या दिवशी नाणं नसलं तर मामा दुसऱ्या दिवशी दोन नाणी मागायचे नाहीत. त्या कार्डातून आमच्या घरी शिलाई मशीन आलं. थोरली अक्का आजही त्यावर फॉल-पिको करते.

उडुपीच्या बँकेचं पुढचं थोडक्यात सांगतो. 1964 मध्ये तिचं नाव सिंडिकेट बँक झालं आणि मुख्य कार्यालय मणिपालला गेलं. त्याच मणिपालमध्ये डॉक्टर पैंनी 1953 मध्ये कस्तुरबा मेडिकल कॉलेज सुरू केलं होतं. 19 जुलै 1969 ला, 50 कोटींहून जास्त ठेवी असलेल्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही एक होती. 8,000 रुपयांच्या भांडवलापासून 50 कोटींच्या पुढच्या ठेवींपर्यंत, 44 वर्षांत. 1 एप्रिल 2020 ला ती कॅनरा बँकेत विलीन झाली. ती कॅनरा बँकही त्याच किनाऱ्यावरची, अम्मेंबळ सुब्बाराव पैंनी 1906 मध्ये मंगळूरला सुरू केलेली. सिंडिकेटचं नाव गेलं, पण पिग्मी देशभरच्या बँकांत आणि पतसंस्थांत राहिली.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. तुमच्या संस्थेचा चेहरा तुम्ही नसाल, तुमचा एजंट असेल. आमच्या भागात एका पतसंस्थेचं शटर खाली आलं तेव्हा लोक संचालकांच्या बंगल्यावर नंतर गेले, आधी पिग्मीवाल्याच्या घरी गेले. तो माझा मित्र. कमिशनवर जगणारा माणूस, कर्जं कुणाला वाटली हे त्याला माहीतही नव्हतं. एक भाजीवाली म्हातारी रोज त्याच्या ओट्यावर येऊन बसायची, बोलायची काही नाही. शेवटी त्याने ते घर सोडलं. त्यामुळे नात्यातल्या आणि संचालकांच्या माणसांना कर्ज द्यायचं नाही, हे पहिल्या बैठकीत लिहून काढा. एजंटला कमिशन वेळेवर द्या आणि ते मेहरबानी म्हणून देऊ नका. पिग्मी एजंट हे कामगार आहेत, हे सुप्रीम कोर्टाने सिंडिकेट बँकेच्याच कामगारांच्या खटल्यात 2001 मध्ये मान्य केलंय.

आणखी एक. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, 2020 च्या आधी तो 1 लाख होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय नावात 'बँक' शब्दही घालता येत नाही. दारात गेल्यावर बायका विचारतील, "ही बँकच ना?" तेव्हा नाही म्हणा, पतसंस्था आहे म्हणून सांगा, विमा नाही हेही सांगा. काही जणी दार लावून घेतील. ज्या तरीही कार्ड घेतील त्यांच्यापासून सुरुवात करा.

पहिली शंभर घरं तुम्ही भावांनी स्वतः फिरा. पाचच्या आधी जाऊ नका. बायका विड्या कारखान्यावर देऊन परतलेल्या नसतात.