मूलकण शिकवायचेत? आधी तळहात पुढे करायला सांगा

मॅडम, पहिल्याच तासाला क्वार्कांचा (प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या मूलकणांचा) तक्ता फळ्यावर काढू नका. मुलं तो पाठ करतात नि विसरतात. मी आधी सगळ्यांना तळहात पुढे करायला सांगतो: यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद असलेला मूलकण, आरपार जातोय. वर्ग एकदम गप्प होतो! मग गणित द्या. म्युऑन जगतो सरासरी २.२ मायक्रोसेकंद, प्रकाशाच्या वेगानेही तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर. जन्मतो मात्र वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर. मग सोलापुरात पोचतो कसा? उत्तर लगेच देऊ नका, दोन दिवस वाद घालू द्या. एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीने मला विचारलं होतं, "सर, त्याचं घड्याळ हळू चालतं का?" हो, वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला हळू चालताना दिसतं; आइन्स्टाइनची सापेक्षता तिथूनच सुरू करा. क्वार्क नंतर: अप क्वार्कचा विद्युतभार +२/३, डाऊनचा −१/३, दोन अप नि एक डाऊन घेऊन प्रोटॉनची +१ ही बेरीज मुलं स्वतःच जुळवतात.