क्रूझर झेपेल का?

प्रश्न : मी चोपड्याला शिक्षिका आहे. उंची पाच फूट एक इंच. आजवर फक्त स्कूटर चालवली. आता क्रूझर, म्हणजे बसक्या सीटची, पाय पुढे ठेवून चालवायची मोटारसायकल घ्यायचीय. अ‍ॅव्हेंजर २२० घेऊ की मिटिऑर ३५०? घरचे म्हणतात, झेपणार नाही.

उत्तर : ताई, उंचीचं फार मनावर घेऊ नका. अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, मिटिऑरची ७६५. मिटिऑरवर टाचा जरा उचलल्या जातील, एवढंच. खरा प्रश्न वजनाचा. अ‍ॅव्हेंजर साधारण १६३ किलो, मिटिऑर १९१. चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे ओढताना घाम फुटतो. म्हणून शोरूममध्ये नुसती चक्कर मारू नका, इंजिन बंद ठेवून गाडी मागे घेऊन बघा. (सेल्समन हसला तर हसू द्या.)

माझं मत मिटिऑरला. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल सांडत जातात. तिथे घाबरून ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं. मिटिऑरला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना आहे, अ‍ॅव्हेंजरला फक्त पुढच्या. शिवाय अ‍ॅव्हेंजर हलकी असली तरी लांब; केळीच्या ट्रकांच्या गर्दीत वळवताना ते कळतं. मात्र गाडी मागे घेताना हात थरथरले, तर खुशाल अ‍ॅव्हेंजर घ्या.

आणि लायसन्स बघा. विनागिअरचं असेल तर गिअरच्या गाडीला चालत नाही; आधी शिकाऊ परवाना काढा.