पिल्लाचा खाऊ: मटारच्या दाण्याएवढा

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात लोक लसीचं विचारतात. दुसऱ्या आठवड्यात ‘शिकवताना खाऊ काय देऊ?’ असं विचारत येतात. आजचे प्रश्न बहुतेक त्या दुसऱ्या आठवड्यातले आहेत.

आमचं लॅब्रॅडोरचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे, वजन पाच किलो. ‘बस’ आणि ‘ये’ शिकवतोय. दुकानदाराने ट्रीटची तीन वेगवेगळी पाकिटं हातात दिली. कोणतं चांगलं, आणि दिवसाला किती द्यायचं? (पुणे)

पाकिटं जरा बाजूला ठेवा, आधी हिशेब करू. एवढ्या पिल्लाला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे हातात उरल्या ७० कॅलरी. त्यात एक उकडलेलं अंडं बसतं. नाहीतर कातडी काढून, मीठ-मसाला न घालता उकडलेलं ४० ग्रॅम चिकन. नाहीतर पनीरचे २३ ग्रॅम.

ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंसं? पण त्या चिकनचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे करून बघा, ८०च्या आसपास होतील. पाच-पाच मिनिटांच्या चार शिकवण्यांना ते पुरतात. तुकडा केवढा होता याचा हिशेब पिल्लू ठेवत नाही, किती वेळा मिळाला याचा मात्र ठेवतं. शिवाय मोठा तुकडा दिला की ते चावत बसतं आणि तेवढ्यात तो कशाबद्दल मिळाला हे विसरून जातं. बूड जमिनीला टेकलं की सेकंदाच्या आत खाऊ तोंडात पडला पाहिजे. तुम्ही डबा उघडेपर्यंत ते उठून उभं राहिलं, तर बक्षीस उठण्याला मिळालं.

जेवढा खाऊ दिला तेवढं ताटलीतून कमी करायचं. ७० कॅलरी म्हणजे कोरड्या पपी फूडचे अंदाजे २० ग्रॅम. खरं सांगायचं तर लॅब्रॅडोरला निम्मी शिकवणी त्याच्या रोजच्या खाण्यातल्या दाण्यांवरही देता येते. ही जात पगारावरून भांडत नाही. चिकन ‘ये’साठी राखून ठेवा, हाक मारल्यावर धावत येणं हे सगळ्यात महागडं काम आहे.

आता पाकिटं. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं आहे की मैद्याचं ते बघा. साखर, मीठ, रंग दिसले तर परत करा. लाल-हिरव्या कांड्या तुम्हाला आवडाव्यात म्हणून रंगवलेल्या असतात, कुत्र्याला लाल आणि हिरवा हे रंग धड वेगळे दिसतही नाहीत.

आणि एका वेळी एकच नवीन पदार्थ सुरू करा, मध्ये तीन दिवस जाऊ द्या. या वयात जुलाब लागले की आम्हा डॉक्टरांना पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराचीही शंका घ्यावी लागते. त्याच दिवशी चार नव्या गोष्टी पोटात गेल्या असतील तर गोंधळ वाढतो.

आमच्याकडे अंडंही चालत नाही. शाकाहारी खाऊवर पिल्लू शिकेल का? शिवाय सासूबाई त्याला रोज ग्लुकोजचं बिस्कीट चहात बुडवून देतात. मी बोलले तर म्हणतात, ‘आमचा मोती यावरच बारा वर्षं जगला.’ (नाशिक)

शिकेल की. पनीर घरचं असेल तर उत्तम. त्यात मीठ नसतं आणि वासही छान असतो. वासाला महत्त्व आहे, कारण कुत्र्याची जीभ चवीच्या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच बोथट असते, सगळी निवड नाक करतं. गाजराचे बारीक तुकडे, वाफवलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, बिया काढलेलं सफरचंद, बिनमिठाचे कुरमुरे हे सगळं चालतं. कुरमुरे मला विशेष आवडतात. पोटात जवळजवळ काहीच जात नाही आणि पिल्लाला मात्र पन्नासदा काही मिळाल्यासारखं वाटतं. दूध पाजू नका, आईचं दूध तुटल्यावर बऱ्याच पिल्लांना ते पचेनासं होतं. चमचाभर दही सहसा सोसतं. बाजारातलं पीनट बटर आणणार असाल तर डब्यावर ‘झायलिटॉल’ हा शब्द शोधा. हा साखरेला पर्यायी गोडवा कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतो आणि यकृत निकामी करू शकतो. बिनसाखरेच्या च्युइंगमातही तो असतो.

सासूबाईंचं काय करायचं? एका लहान बिस्किटात वीसेक कॅलरी असतात, तीन बिस्किटांत दिवसभराचा खाऊ संपला. चहातलं कॅफीन तर पिल्लाला नकोच. पण मोतीशी वाद घालू नका, तो जिंकलेलाच आहे. त्यांच्या हाती पनीरची वाटी द्या आणि सांगा, ‘आई, याला “बस” तुम्हीच शिकवा.’ खाऊ देण्याचा मान त्यांच्याकडेच राहिला की बिस्किटाचा हट्ट बहुतेक सुटतो. माझ्या स्वतःच्या आईवर हीच युक्ती चालली.

आमची द्राक्षबाग आहे. पिल्लू खाली पडलेले मणी वेचून खातं, त्याला फार आवडतात. तेच खाऊ म्हणून दिले तर? (तासगाव)

अजिबात नाही. आजपासून त्याला एकट्याला बागेत सोडूही नका. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा बरीच खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसरा थोडक्यात आडवा होतो, त्यामुळे ‘एवढ्याने काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. सध्या संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे चिंचेची चटणी, चिंचगुळाची आमटीही नको.

खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांना उलटी करवून ते बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने दुसरंच संकट उभं राहतं. मूत्रपिंडाचा त्रास एक-दोन दिवसांनी दिसू लागतो आणि तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. कांदा, लसूण आणि चॉकलेट यांनाही हीच बंदी.

गावठी पिल्लू आहे, चिकन-पनीर हुंगून सोडतं. सुकट मात्र जीव टाकून खातं. देऊ का? (रत्नागिरी)

द्या. इतका वासाचा आणि इतका हलका खाऊ शहरवाल्यांना पैसे मोजून मिळत नाही. फक्त खारवलेला मासा नको. सुकट नीट निवडा, डोकी आणि मिशा काढा, दोन पाण्यांतून धुवा म्हणजे वाळूची कचकच आणि खारटपणा जाईल. मग कोरड्या तव्यावर भाजून हवाबंद बरणीत ठेवा. फोडणी दिलेली, कांदा घातलेली सुकट तुमच्या ताटात. सुका बोंबील देणार असाल तर मधला काटा काढून टाका. दिवसाला चिमूटभर पुरे.

आता तो पाच महिन्यांचा आहे. हातात खाऊ दिसला तरच बसतो, नाहीतर बहिरा होतो. (नागपूर)

खाऊ आधी दाखवण्याची सवय तुम्हीच लावली आहे. ती लाच झाली, बक्षीस नव्हे. खाऊ खिशात किंवा फडताळावर ठेवा, रिकाम्या हाताने खूण करा, बसला की शाबासकी द्या आणि मग खाऊ काढा. हे पक्कं जमलं की दर वेळी देऊ नका. कधी तिसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी लागोपाठ दोनदा. आज मिळेल की नाही हे ठाऊक नसलं की तो जास्त मन लावून काम करेल. दोन-तीन दिवस हट्ट करेल, तेवढे काढा.

दात येताहेत म्हणून चामड्याचं गाठ मारलेलं हाड आणलं. चालेल? (कोल्हापूर)

नको. मऊ पडलेला तुकडा गिळला तर घशात किंवा आतड्यात अडकतो. शिजवलेलं हाडही नको, त्याच्या कपच्या होतात. जाडसर गाजर फ्रीजमध्ये गार करून द्या आणि समोर बसून राहा.

घरात उत्तम ऐकते, पण सोसायटीच्या गेटबाहेर चिकनकडे बघतसुद्धा नाही. अजून भारी खाऊ कोणता? (ठाणे)

खाऊ बदलून उपयोग नाही, ती घाबरली आहे. घाबरलेलं पिल्लू खात नाही. रिक्षांचे हॉर्न, मोकाट कुत्री, मेट्रोचं काम, हे सगळं तिच्यासाठी एकदम झालं. गेटपासून इतकं लांब उभं राहा की ती तुमच्या हातून चिकन घेईल. आज ती जागा लिफ्टसमोर असेल, चार दिवसांनी पार्किंगमध्ये. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर तिला कडेवर घेऊन हेच करा. चिकन मात्र रोज ताजं न्या. मे महिन्याच्या उन्हात खिशात दोन तास राहिलेला तुकडा घरी येऊन टाकूनच द्या.